मोडेमचा खोडवा

आमच्या भागात ऊस तुटून कारखान्याला गेला म्हणजे पीक संपलं, असं कोणी मानत नाही. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत सारायचं, पाणी सोडायचं, की त्याच बुडख्यांना पुन्हा फुटवे येतात. हा झाला खोडवा. तो तुटला की पुढचा निडवा. बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, सऱ्या पाडायची कटकट नाही. शेतीखात्याची माणसं मेळाव्यात येऊन सांगतात की दर खेपेला टनेज घटतं, निडव्याच्या पुढं जाऊ नका. आम्ही टाळ्या वाजवतो, चहा पितो आणि घरी येऊन निडव्याच्या पुढं जातो. आमच्या लासुर्ण्याच्या शिवारात असे काही फड आहेत की मूळ लागण कोणाच्या हातची, यावर दोन भावांचं अजून एकमत नाही.

ही सवय इथल्या माणसाला उसापुरती ठेवता येत नाही. बंद पडलेला फ्रिज आमच्याकडे कोणी टाकून देत नाही. त्यात बियाणं आणि औषधाच्या बाटल्या ठेवतात, कारण उंदीर शिरत नाही. विटलेल्या साड्या रानाच्या कडेनं बांधतात, त्यानं म्हणे डुकरं बिचकतात. कंपनीनं केव्हाच बनवायची सोडलेली एम-एटी अजून दुधाचे कॅन घेऊन डेअरीला जाते. तिला किक कशी मारायची ते फक्त मालकाला ठाऊक असतं, त्यामुळे चोरही नेत नाहीत. नीरा डावा कालवा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात काढला, भाटघरचं आजचं धरण १९२८ साली पुरं झालं, को ८६०३२ हे उसाचं वाण पाडेगावच्या संशोधन केंद्रातून १९९६ला आलं. या तिघांच्या जिवावर आज आमची चूल पेटते. यांपैकी कोणालाही रात्रीतून काहीतरी उतरवून घेऊन पहाटे आपोआप बंद-चालू व्हावं लागत नाही.

संगणकवाल्यांना खोडवा ही कल्पनाच पटलेली नाही. त्यांची दर तीन-चार वर्षांनी नवी लागण. पीक उभं असलं तरी नांगर फिरलाच पाहिजे. या दोन शेतीपद्धतींची गाठ २०१६च्या जूनमध्ये आमच्या आप्पांच्या माजघरात पडली.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना काँप्युटरचा नाद लागला तो वारणेला. सभासदांनी दुसऱ्याचा साखर कारखाना बघायला जायचं आणि आपल्यापेक्षा तिथला भाव जास्त म्हणून हळहळत परत यायचं, ही पश्चिम महाराष्ट्राची एक यात्राच आहे. १९९८ साली वारणानगरच्या आसपासच्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा सरकारी प्रयोग सुरू झाला होता. गावोगावी काँप्युटर बसवले होते. शेतकऱ्यानं जायचं, आपला नंबर सांगायचा, की उसाची नोंद, वजन, तोडीची पाळी, सगळं पडद्यावर. आप्पा तिथं गेले आणि खुळावले. आपल्या उसाचं वजन घरबसल्या कळेल एवढ्याचाच त्यांना आनंद झाला, असं मी पूर्वी समजत असे. पुढं लक्षात आलं, की दुसऱ्याच्या उसाचंही कळेल, हे त्यांना जास्त भावलं होतं.

वारणेत पुढं निराळंच घडलं. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत काँप्युटरच्या जागी साधे मोबाइल आणि एसएमएस लावून बघितले, आणि शेतकऱ्यांना तेच जास्त सोयीचं वाटलं. काँप्युटरच्या धंद्यातल्या कंपनीच्या माणसांनी हा निष्कर्ष छापला, याला मोठं मन लागतं. आप्पांना मी हे सांगून पाहिलं. त्यांनी मान्य केलं नाही. “त्येंच्याकडं पाऊस जास्त,” एवढंच म्हणाले.

तर आप्पांनी उसाच्या बिलातून काँप्युटर घेतला, आणि २०११ साली, खासगी कंपन्यांचं थ्रीजी नवं असताना, त्याला लावायला मोडेम. यूएसबीचं डोंगल. अंगठ्यापेक्षा थोडं लांब, पांढरं, टोपण असलेलं. बाजूला सिमकार्डाची खाच, दुसऱ्या बाजूला मेमरी कार्डाची. पाठीवर ७.२ हा आकडा छापलेला. तो वेग होता, पण तो वेग लासुर्ण्यात कोणी पाहिलेला नाही. आप्पा त्याला कांडी म्हणत आणि कांडीची राखणही उसाच्या बेण्यासारखी करत. माजघरात रेंज नव्हती, म्हणून यूएसबीची वाढीव वायर आणली आणि कांडी दुधाच्या पिशवीत गुंडाळून खिडकीच्या गजाला बांधली. पिशवीतून तिचा दिवा दिसे. हिरवा लुकलुकला तर टूजी, निळा लागला तर थ्रीजी. “निळा लागला,” असं आप्पा अंगणात येऊन सांगत तेव्हा शेजारपाजारचे लोक, ज्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तेही बरं म्हणत.

या इंटरनेटवर आप्पा करत काय? एकच गोष्ट. जलसंपदा खात्याचं एक पान उघडत आणि भाटघर, नीरा देवघर, वीर या धरणांतला उपयुक्त साठा बघत. टक्केवारी शाळेच्या दोनशे पानी वहीत उतरवून घेत. कालव्याच्या शेवटाकडं राहणाऱ्या माणसाला धरणाची टक्केवारी म्हणजे स्वतःच्या रक्तदाबाची नोंद असते. त्यात २०१६चा उन्हाळा असा होता की लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आवर्तन लांबलं, खोडवे करपले, आणि आप्पांची वही रोज भरत राहिली. आकडे इतके सारखे होते की ‘वरीलप्रमाणे’ची खूण केली तरी भागलं असतं. पण ते आकडाच लिहीत. हेच आकडे दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, हे काकू दर आठवड्याला एकदा सांगत. पेपरातला आकडा कालचा असतो, हे आप्पांचं उत्तर.

त्या वर्षी काँप्युटरच्या कोपऱ्यात एक पांढरी खिडकी येऊ लागली. विंडोजची दहावी आवृत्ती जुन्या सात-आठवाल्यांना वर्षभर फुकट मिळणार होती, आणि २९ जुलै २०१६ ही शेवटची तारीख होती. आता ‘फुकट’ आणि ‘शेवटची तारीख’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की बारामती-इंदापूर पट्ट्यातला माणूस आधी अंगठा उठवतो आणि मग विचारतो, कशाला आहे? त्याला इलाज नाही. पाइपलाइनचं अनुदान, ठिबकचं अनुदान, कर्जमाफीचा अर्ज, यांतून तो घडलेला आहे. आप्पांनी ‘होय’ दाबलं. कांडी दिवसरात्र निळी-हिरवी होत राहिली, रिचार्जवर रिचार्ज गेले, आणि एका सकाळी काँप्युटर नव्या कपड्यांत समोर आला. सगळं चकाचक. घड्याळ बरोबर. आप्पांचा फोटो गोल.

मोडेम मात्र नाही.

म्हणजे कांडी होती. दिवाही लागत होता. काँप्युटरला ती दिसतही होती, पण सीडी म्हणून. यातली गंमत अशी, की त्या काळची ही डोंगलं दुहेरी असत. पहिल्यांदा जोडलं की ते आपण सीडी ड्राइव्ह असल्याचं सांगतं, कारण त्याच्या पोटात कंपनीचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. ते एकदा बसलं की मग डोंगल सीडीचं सोंग टाकून मोडेम होतं. युक्ती चांगली होती. वेगळी सीडी द्यावी लागत नसे. पण नव्या आवृत्तीत ते जुनं सॉफ्टवेअर बसेना, म्हणून सोंग टाकायचा हुकूम कोणी देईना, म्हणून आमची कांडी सीडीच राहिली. आप्पांनी तिला गजावरून सोडवली, धोतराच्या सोग्यानं पुसली, फुंकली, परत लावली. सीडी.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या गावात दुखण्याला आणि यंत्राला माणसं बघायला येतात. पहिला आला स्टँडवरचा मोबाइल दुरुस्तीवाला. त्यानं खुर्चीत बसायच्या आधीच निदान केलं, “फॉरमॅट मारा.” या माणसाकडे सगळ्या रोगांवर हे एकच औषध आहे. मोबाइल तापतो, फॉरमॅट मारा. फोटो दिसत नाहीत, फॉरमॅट मारा. त्याची आणि त्याच्या बायकोची बोलाचाल बंद होती तेव्हा तो तिच्याबाबतही हेच म्हणाला असेल. दुसरे आले वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. वालचंदनगर आमच्यापासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. शेठ वालचंदांनी माळावर वसवलं, आणि आज तिथं इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची कवचं तयार होतात. त्यामुळे तिथून आलेला माणूस काही बोलला की आम्ही गप्प बसतो. फिटरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, कांडी उजेडात धरली, टोपण काढून-लावून बघितलं, पत्र्याच्या टोकावरून नख फिरवलं आणि मत दिलं, “मेकॅनिकल फॉल्ट नाही.” मग भजी खाल्ली आणि गेले. त्यांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, हे नंतर सिद्ध झालं. उपयोग काहीच नव्हता.

पुण्याच्या जावयांनी फोनवर विचारलं, बंद करून चालू केलंय का. जावई असल्यामुळे त्यांना होय म्हणून सांगितलं आणि त्यांच्या समाधानासाठी खरोखर केलंही.

डोंगल विकणाऱ्या कंपनीला फोन लावायचं काम माझ्याकडं आलं. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. फोनवरची मुलगी फार गोड होती. तिनं आधी माझा, मग आप्पांचा, मग कांडीचा नंबर विचारला, थोडा वेळ सनई ऐकवली आणि म्हणाली, सर, हे मॉडेल नव्या आवृत्तीला सपोर्ट करत नाही, आपण नवीन डोंगल घेऊ शकता. फोन स्पीकरवर होता. आप्पांचा चेहरा मी बघत होतो. उभ्या खोडव्यात कोणी बैल सोडावेत तसा झाला. “चालती वस्तू टाकून द्या म्हंतीया?” ते म्हणाले. “तिला इचार, तिच्या घरी म्हातारी माणसं हायती का?” मुलीनं यावर, आणखी काही मदत करू शकते का, असं विचारलं.

इथं वाचक म्हणेल, मोबाइलचं हॉटस्पॉट का नाही घेतलं? अहो, ते २०१६ होतं. एक जीबीला अडीचशेच्या घरात पैसे पडत आणि तो महिनाभर पुरवायचा असे. आप्पांचा नातू बारामतीला इंजिनीअरिंगला होता, त्याच्याकडे स्मार्टफोन होता, पण आप्पांची वही दिसली की त्याची बॅटरी संपायची. एकदा त्याला खिंडीत गाठून हॉटस्पॉट लावायला लावलं. काँप्युटरनं जोडणी मिळताच आपले राहिलेले अपडेट ओढायला घेतले, आणि भाटघरचा आकडा येईपर्यंत पोराचा महिन्याचा कोटा संपला. त्या दिवसापासून मोडेम दुरुस्त व्हावं अशी घरात सर्वांत जास्त कळकळ नातवाला होती.

त्यानं मग खरं काम केलं. डिव्हाइस मॅनेजर नावाची एक वंशावळ असते, तीत आमच्या कांडीच्या नावापुढं पिवळा त्रिकोण होता. जुना ड्रायव्हर त्यानं कुठूनतरी शोधून आणला, तो विंडोज सातचा आहे असं सांगून, म्हणजे काँप्युटरला थाप मारून, बसवला. त्रिकोण गेला नाही; फक्त खाली मजकूर बदलला. आता तक्रार अशी होती, की या ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची खातरजमा होत नाही.

“सही न्हाय?” आप्पा खुर्चीत पुढं सरकले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना समजेल अशी अडचण पुढं आली होती. “कुणाची पाहिजे? तलाठ्याची?”

नातवानं समजावलं. पूर्वी कोणीही कसलाही ड्रायव्हर लिहून काँप्युटरच्या गाभाऱ्यात घुसवू शकत असे. त्यातून चोर शिरत, यंत्रं कोसळत. मग २००७च्या व्हिस्टापासून ६४-बिटवाल्या विंडोजनं नियम केला की गाभाऱ्यात जायचं तर सही पाहिजे. नियम वाईट नाही. ज्या कंपनीनं ही कांडी विकली तिनं नवा, सहीचा ड्रायव्हर लिहिला असता तर मिनिटाचं काम होतं. पण विकून झालेल्या मालासाठी कोण लिहीत बसतंय? आप्पांना नियम पटला, आणि तो मोडायचा कसा हे त्यांनी लगेच विचारलं. यात त्यांना काही विसंगती वाटली नाही. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांत आयुष्य गेलेल्या माणसाला पक्कं माहीत असतं, की ज्या कागदाला सही लागते त्याच्या शेजारी सहीशिवाय जायची एक पायवाट असते.

होतीच. शिफ्टचं बटण दाबून धरायचं आणि रिस्टार्ट करायचं. निळा पडदा येतो. त्यातून ट्रबलशूट, त्यातून पुढचे पर्याय, त्यातून स्टार्टअप सेटिंग, पुन्हा रिस्टार्ट. मग एक यादी येते, तिच्यात सातवं कलम, सहीची सक्ती बंद. सात दाबायचं. काँप्युटर उठतो तो डोळे मिटून, आणि कांडीला कागद न बघता आत घेतो. पण ही सवलत त्या एका बैठकीपुरती. काँप्युटर बंद झाला की सक्ती पुन्हा लागू. म्हणजे रोज सकाळी हेच सगळं.

त्रिकोण गेला. कांडीनं सीडीचं सोंग टाकलं. नातवानं टाळी वाजवली. आणि कंपनीचं कनेक्ट बटणवालं सॉफ्टवेअर उघडलं, एकदा फडफडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. मोडेम आत आलं होतं, पण त्याला फोन लावायला सांगणारा दुभाष्याच वारला होता. नातवाची सुट्टी संपली आणि तो बारामतीला निघून गेला. जरा घाईनंच गेला, असं मला वाटलं.

मग जुलैत पालखी आली.

तुकोबांची पालखी सणसरचा मुक्काम हलवून बेलवाडीला गोल रिंगण करते आणि पुढं लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडं जाते. त्या दिवशी गावात घर म्हणून काही उरत नाही, सगळ्या ओसऱ्या रस्त्याच्या होतात. पूर्वी वारकऱ्याला पाणी आणि सावली दिली की भागायचं. आता तिसरी गोष्ट लागते ती चार्जिंग. आप्पांच्या ओसरीत एका लाकडी फळीवर ओळीनं पिनांचे बोर्ड ठोकलेले होते, त्यांना मधमाश्यांसारखे मोबाइल लोंबत होते, आणि प्रत्येक मोबाइलचा धनी आपल्या फोनवर नजर ठेवून बसला होता. पंढरीच्या वाटेवर सगळे माउली असतात, पण चार्जर तो चार्जर.

त्यांत एक तरणा वारकरी होता. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, पायाला फोडांवर चिकटपट्ट्या. त्याचा फोन भरेस्तोवर तो माजघरात डोकावला आणि काँप्युटरसमोर गालाला हात लावून बसलेल्या आप्पांना म्हणाला, “माउली, काय झालं?”

“माउली, फोन लागंना,” आप्पा म्हणाले.

तो हिंजवडीत नोकरीला होता. दरवर्षी रजा काढून वारीला येतो म्हणाला. कंपनीचं ते फडफडणारं सॉफ्टवेअर त्यानं बघितलं आणि सरळ काढून टाकलं. मग आपल्या फोनवरून एक चिमुकला प्रोग्रॅम उतरवून काँप्युटरवर घेतला. काळी चौकट उघडली. त्यात त्यानं दोनच इंग्रजी अक्षरं लिहिली, ए आणि टी, आणि एंटर मारला.

खाली अक्षरं उमटली. ओके.

“जिवंत आहे,” तो म्हणाला.

हे जे ए-टी आहे ना, ते अटेन्शनचं आखूड रूप. म्हणजे ‘इकडं बघ’. अमेरिकेत डेनिस हेज नावाच्या माणसाच्या कंपनीनं १९८१ साली स्मार्टमोडेम बाजारात आणलं; सेकंदाला ३०० बिट एवढीच त्याची धाव. त्याला हुकूम द्यायला ही भाषा केली होती. ए-टी म्हटलं की मोडेम कान टवकारतं, पुढं डी म्हटलं की नंबर फिरवतं, एच म्हटलं की फोन ठेवतं. १९८१ साली आमच्या गावात फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल बुक करून पोस्टासमोर बसायचं. आपल्याकडे विदेश संचार निगमनं आम जनतेला इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. त्या मोडेमांची करकर-किर्रकिर्र ज्यांनी ऐकली आहे ती माणसं आता नातवंडांना सांगतात. त्यानंतर आयएसडीएन आलं, ब्रॉडबँड आलं, फोनची तार गेली, थ्रीजी आलं. आणि त्या थ्रीजीच्या कांडीच्या पोटात, वरची सगळी रंगरंगोटी खरवडल्यावर, ती १९८१ची बोली जशीच्या तशी निघाली. म्हणजे हे संगणकवाले खोडवा घेत नाहीत हे माझं म्हणणं पूर्ण खरं नाही. घेतात. गिऱ्हाइकाला कळू देत नाहीत, एवढंच. वर नवी लागण दाखवतात आणि खाली बुडखा तोच.

पुढचं काम त्या माउलींनी पाणी पितापिता केलं. मोडेमच्या सेटिंगमध्ये एका रिकाम्या चौकटीत कंपनीच्या ॲक्सेस पॉइंटचं नाव असलेली एक लांबलचक ओळ भरली. मग जुन्या पद्धतीची डायलअप जोडणी हातानं तयार केली, तारफोनची करत तशी. नंबर विचारला तिथं लिहिलं, तारा, ९९, हॅश. नाव आणि पासवर्ड कोरे. डायल दाबलं.

गजावरच्या दुधाच्या पिशवीत निळा लागला.

आप्पांनी त्याला वाकून नमस्कार केला. तो गडबडून आप्पांच्या पाया पडला. वारीत हे चालतं, कोण कोणाच्या कशासाठी पाया पडतो याचा हिशेब राहत नाही. त्यानं फोन काढला, तो शंभर टक्के भरला होता, आणि दिंडी गाठायला पळाला. तोवर इकडं भाटघर उघडलं होतं. घाटात पाऊस लागला होता, आणि वहीत कित्येक महिन्यांनी आदल्यापेक्षा मोठा आकडा पडला. यात कांडीचा काही हात नाही, हे आप्पांना मान्य आहे. पण त्यांनी ते अजून मोठ्यानं म्हटलेलं नाही.

सगळा क्रम त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाखाली, लिहून ठेवला. तो कागद माझ्या बघण्यात आहे. ‘शिप्ट दाबून धरणे. सोडू नये. निळा पडदा. ट्रबल शूट. ॲडव्हान्स. स्टाटप. परत बंद होईल, घाबरू नये. यादी येईल. ७ (सात) दाबणे. खिडकीत दिवा बघणे. *९९#.’ कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात मला ‘घाबरू नये’ हे वाक्य सापडलेलं नाही, आणि ग्राहकाला खरी गरज त्याचीच असते.

रोज पहाटे हा विधी सुरू झाला. काकू म्हणत, “तुमचं यंत्र उठेस्तवर माझ्या टोपलंभर भाकरी होत्यात.” विधी टाळायला आप्पा काँप्युटर बंदच करेनासे झाले. पण वीज आमच्याकडे कोणाचा संकल्प पुरा होऊ देत नाही. दिवे गेले की काँप्युटर मान टाकायचा, आणि आले की आप्पा पुन्हा शिफ्ट धरून बसायचे. शेजारचा पोरगा म्हणाला, यूपीएस घ्या. आप्पांनी किंमत विचारली आणि कांडी कितीला घेतली होती ते त्याला सांगितलं.

असं जेमतेम बस्तान बसतंय तोवर ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं. सिम फुकट, बोलणं फुकट, वर्षअखेरपर्यंत नेट फुकट. बारामतीच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग. आप्पा त्या रांगेत आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन उभे होते, आणि त्यांच्या खिशात मोबाइल होता तो साधा, बटणांचा. नातवानं विचारलं, “आप्पा, तुम्ही सिम कशात घालणार?” आप्पांनी दुसऱ्या खिशातून कांडी काढून दाखवली.

नातवानं समजावून सांगितलं. हे नेटवर्क फक्त फोरजीचं आहे. कांडी थ्रीजी. सिम आत बसेल, पण निळा लागणार नाही. शिवाय नव्या सिमची चकती नखाएवढी, कांडीची खाच जुन्या मोठ्या सिमची. खाचेचं आप्पांनी मनावर घेतलं नाही; त्याला प्लास्टिकची चौकट मिळते हे त्यांना माहीत होतं. दिव्याचं मात्र त्यांनी घरी येऊन करून बघितलं. शिफ्ट, निळा पडदा, सात, सगळं. दिवा हिरवा लुकलुकत राहिला, रात्री झोपेपर्यंत.

धरणांची टक्केवारी आता आप्पा मोबाइलवर बघतात. काकूंच्या मोबाइलवर, कारण स्वतःचा बदलायचं अजून काही कारण घडलेलं नाही. कांडी मात्र काँप्युटरलाच आहे. तिच्या दुसऱ्या खाचेत नातवानं एक मेमरी कार्ड घालून दिलंय आणि त्यात कीर्तनं भरून दिली आहेत. त्याला ड्रायव्हर लागत नाही, सही लागत नाही. संध्याकाळी आप्पा कांडी लावतात, की कीर्तन उघडायच्या आधी तिच्यातली जुनी सीडी जागी होते, कंपनीची रंगीत खिडकी पडद्यावर येते आणि विचारते, इंटरनेटला जोडू का?

आप्पा चष्मा नीट करतात आणि ‘नाही’ दाबतात.